पोपट मीच आहे

पाटबंधारे खात्यात मी उभी हयात काढली, पण सरकारी टाचणीसुद्धा कधी घरी आणली नाही. एकदा एक टाचणी चुकून शर्टाच्या बाहीला टोचून आली होती. ती दुसऱ्या दिवशी परत केली तेव्हा साहेबांनी माझ्याकडे फार संशयाने पाहिलं, कारण आमच्या खात्यात असं कुणी करत नसे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुमच्या मनात किल्मिष नको. तर असा मी, निवृत्त हेडक्लार्क तोताराम बोरसे, चैत्र संपता संपता जळगावच्या भट्टीत कूलरसमोर बसून आमरस खात होतो आणि मोबाईलवर निरोप आला. 'आपण दुसऱ्याच्या मालकीची सामग्री प्रसारित केली आहे. आपला व्हिडिओ काढून टाकण्यात आला आहे. पुन्हा असे घडल्यास आपले खाते बंद करण्यात येईल.'

मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. मजकूर तोच होता.

"अगं, मला चोर म्हणताहेत," मी आमच्या हिला म्हणालो.

"रस संपवा आधी, माशा बसताहेत," ही म्हणाली. नूतन नावाच्या बायका स्वभावाने अशाच असतात का, ते मला माहीत नाही. माझा अनुभव एकीचाच आहे.

आता हा व्हिडिओ कसला, तर आमच्या अक्काच्या गाण्याचा. आमच्या वडिलांना पाखरांचा फार नाद. थोरल्या मुलीचं नाव त्यांनी ठेवलं कोकिळा आणि माझं तोताराम. कोकिळा नावाला जागली. तोताराम या नावाला जागण्यासारखं काही नसतंच. शाळेत, कॉलेजात, खात्यात, सगळीकडे मी पोपटच होतो. प्रमोशन हुकलं तेव्हा सगळ्या ऑफिसला 'बोरशांचा पोपट झाला' म्हणायची आयती सोय झाली होती. ही सोय मी अनेकांना अनेकदा करून दिली.

अक्का धरणगावात दिलेली. दर आखाजीला मी तिला आणायला जातो. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण अक्षय्य तृतीया म्हटलं की सोन्याच्या दुकानाची जाहिरात डोळ्यांपुढे येते आणि आखाजी म्हटलं की माहेरी आलेल्या लेकी, सांजोऱ्या आणि निंबाला बांधलेला झोका. बहिणीला आणायला जाणारा भाऊ म्हणजे मुऱ्हाळी. अक्का झोक्यावर बसली की एक गाणं म्हणायची, त्यात लेक सासरी वाट बघत असते आणि शेवटी मुऱ्हाळी येतो.

'वाट देखी देखी डोया थकनात वं माय,
तोताराम भाऊ मना मुऱ्हाळी ऊना वं माय.'

माझं नाव जगात एवढ्या एका ठिकाणी बरं वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या कॉलनीच्या मोकळ्या जागेत, निंबाखाली, अक्का हे गाणं म्हणत असताना मी ते मोबाईलवर घेतलं आणि इंटरनेटवर टाकलं. त्यानंतर तिच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन चांगलं झालं, अक्का ठणठणीत बरी झाली, फक्त आवाज गेला. आता ती बोलते ते नुसत्या वाऱ्यावर, कानाजवळ फोन घट्ट धरला तर कळतं. पण रोज सकाळी चहा घेताना भाचा तिला मोबाईल लावून द्यायचा आणि ती स्वतःचं गाणं ऐकायची. यंदा ती आखाजीला येणार ती याच कबुलीवर, की झोक्यावर बसल्यावर मी ते मोठ्या स्पीकरवर लावीन.

मूळ गाणं तुमच्या मोबाईलमध्ये असेलच की, असं तुम्ही म्हणाल. नव्हतं. आमचे शेजारी हेमराज चौधरी, बँकेतून निवृत्त, यांनी मला छातीठोक सांगितलं होतं, "बोरसे साहेब, एकदा इंटरनेटवर गेलं की ब्रह्मदेवसुद्धा पुसू शकत नाही. मोबाईल कशाला भरता?" म्हणून मी ते मोबाईलवरून काढून सुप्रभातच्या फुलांना जागा केली होती.

संध्याकाळी अक्काचा फोन आला. आधी नुसता वारा ऐकू आला.

"तोता, मनं गानं कोठे गयं रे?"

मी सांगितलं, काहीतरी तांत्रिक अडचण आहे, होईल दुरुस्त. खात्यात कालवा फुटला तरी आम्ही असंच सांगायचो.

"मंग मी आखाजीले येवाव नही," अक्का म्हणाली. "आवाजच नही ऱ्हायना, ते झोकावर बशीसन काय करू? बठ्ठा मना तोंडकडे देखतीन."

तिने फोन ठेवला. आखाजीला अक्का नाही असं एकही साल मला आठवेना, आणि ते यंदाचं ठरणार होतं.

मग सल्ले सुरू झाले. हेमराजभाऊंना मी ब्रह्मदेवाची आठवण करून दिली तेव्हा ते म्हणाले, "मी म्हणालो होतो पुसू शकत नाही. काढू शकत नाही असं कुठे म्हणालो?" बँकेत माणूस राहिला की त्याला ही भाषा येते. त्यांचा सल्ला होता की गाणं पुन्हा कुणाकडून तरी म्हणवून घ्यावं, अक्काला या वयात काय फरक कळतोय. मला तो पटला नव्हता, पण दुसरा कुठलाच नव्हता. हिला तयार केलं. ही स्वयंपाकघरात ओट्याला टेकून छान सुरात म्हणू लागली. 'वाट देखी देखी डोया थकनात वं माय, रुपचंद भाऊ मना मुऱ्हाळी ऊना वं माय.'

"रुपचंद कुठून आला?" मी विचारलं.

"माझा भाऊ आहे तो. त्याचंच नाव येणार."

"पण अक्काच्या गाण्यात तोताराम आहे."

"मग मी काय तुम्हाला भाऊ म्हणू?" ही म्हणाली. "ज्या बाईने गाणं म्हटलं तिने तिच्या भावाचं नाव घालायचं असतं. आणि एवढी वर्षं संसार करून आता तुम्हाला भाऊ म्हटलं तर लोक काय म्हणतील?"

मी मोबाईल खिशात टाकला. रुपचंद तर मला कशातच चालत नाही.

मग मी पोलिसांकडे गेलो. कुठल्या ते सांगत नाही, कारण माणसं चांगली होती, त्यांनी पंख्याखाली बसवलं. साहेबांनी विचारलं, काय चोरीला गेलं? म्हटलं, गाणं. ते कुठे आहे आता? म्हटलं, अक्काच्या डोक्यात. "मग चोरीला कुठे गेलं?" ते म्हणाले. मी समजावून सांगितलं की उलट मलाच चोर ठरवलंय. ते म्हणाले, मग तक्रार तुमच्याविरुद्ध पाहिजे. निरोपाखाली लिहिलं होतं त्याप्रमाणे गाण्यावर हक्क सांगणारी कंपनी धुळ्याची, गाणारी धरणगावची, झोका जळगावातला आणि ज्या साइटवरून गाणं निघालं ती अमेरिकेत. साहेबांनी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं आणि खेदाने म्हणाले, "अमेरिका आपल्या हद्दीत येत नाही, नाना." चहा मात्र त्यांनी आग्रहाने पाजला.

राहता राहिला त्या साइटवरचा अपील अर्ज. अर्ज म्हटल्यावर मला जरा हुरूप आला, कारण अर्जांत माझं आयुष्य गेलं. पण हा अर्ज विलक्षण होता. त्यात सत्यप्रतिज्ञेवर लिहून द्यायचं होतं की या गाण्याचा मालक मी आहे, किंवा मालकाने मला परवानगी दिली आहे. खोटं लिहिलं तर अमेरिकेच्या कायद्याने शिक्षा. मी अक्काला फोन लावला आणि म्हटलं, अक्का, गाण्याची परवानगी दिली असं फक्त म्हण.

"मी कोन परवानगी देनारी?" अक्का म्हणाली. "गानं काय मनं एकलीनं शे? माय म्हने, आजी म्हने, गल्लीमातल्या बठ्ठ्या म्हनेत. गानं बठ्ठासनं शे."

"हो, पण कागदावर कुणीतरी मालक लागतो."

"मंग कागदले सांग, मालक नही."

आता माझ्यासारख्या माणसाने खोटी प्रतिज्ञा करायची कशी? मी खरं तेच लिहिलं. मालकाचं नाव : सर्व. अर्ज डोळ्याचं पातं लवायच्या आत परत आला. 'सर्व हे वैध नाव नाही.' आडनाव राहिलं असेल असं वाटून मी 'सर्व बोरसे' लिहून पाहिलं. तेही नामंजूर झालं. शिवाय त्यात नवी धमकी होती, की वारंवार निराधार अपील केल्यास पुढचं अपील करता येणार नाही. हेमराजभाऊंनी ते वाचून सांगितलं की तुम्हाला आता इंटरनेटने काळ्या यादीत टाकलं असणार, आणि रात्री कॉलनीच्या ग्रुपवर 'अनोळखी गाणी पुढे पाठवू नका' असा इशारा टाकला. नाव नव्हतं माझं. पण दुसऱ्या दिवशी दूधवालासुद्धा माझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहतोय असं मला वाटलं.

शेवटी मी त्या कंपनीचं गाणं शोधून पाहिलं. कंपनीचं नाव 'गिरणाई म्युझिक, धुळे'. गाणं सुरू झालं. ढोल, बाजा, मागे कुणीतरी 'हे, हे' करतंय आणि त्यात एका तरुण बाईचा गोड, थोडा दाटलेला आवाज. चाल अक्काची. शब्द अक्काचे. आणि मग ती ओळ आली, 'तोताराम भाऊ मना मुऱ्हाळी ऊना वं माय,' आणि पडद्यावर डोक्याला गुलाबी फेटा बांधलेला, मोटारसायकलवर बसलेला एक हिरवा पोपट आला. त्याने उतरून दोन ठेके घेतले आणि बहिणीला मागे बसवून निघून गेला.

आमची ही माझ्या मागे उभी होती. ती हसली नाही, हे तिचे उपकार. पदर तोंडात कोंबून ती आत गेली.

मी त्याच दुपारी आधारकार्ड, पेन्शनचा आदेश आणि दहावीची गुणपत्रिका पिशवीत घालून पारोळ्यामार्गे जाणारी एसटी धरली. धुळ्याला उतरलो तेव्हा माझ्या मनात एक कडक भाषण तयार होतं. गिरणाई म्युझिक एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर निघालं. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, खिडक्या बंद, आणि आत लीलाधर नावाचा एक घामाघूम माणूस बनियनवर बसून यंत्राची बटणं फिरवत होता. मला पाहून त्याने घाईघाईने शर्ट घातला आणि माठातलं पाणी दिलं. पाणी प्यायल्यावर कडक भाषण करता येत नाही, हा माझा जुना अनुभव आहे. तरी मी केलं. मी सांगितलं की हे गाणं माझ्या बहिणीचं आहे, तुम्ही ते उचललं आणि वर मलाच चोर ठरवलं.

"नाना, शपथ सांगतो, मी काही केलं नाही," लीलाधर म्हणाला. "आम्ही गाणी मुंबईच्या एका कंपनीला देतो. त्यांचं यंत्र असतं. तशीच चाल कुठे दिसली की ते आपोआप काढून टाकतं. कोण आधी, कोण नंतर, त्याला कळत नाही. आणि हे तर जुनं गाणं, सगळ्यांचंच."

"चाल सगळ्यांची असेल. पण तोताराम?"

"तो तर पोपट ना. निरोप्या. पूर्वीच्या गाण्यांत राघू असतो तसा."

मी पिशवीतून आधारकार्ड काढून त्याच्यापुढे ठेवलं आणि संगणकाच्या पडद्यावर जिथे फेटेवाला पोपट थांबला होता तिथे बोट ठेवून म्हणालो, "हा पोपट मी आहे."

हे वाक्य मी आयुष्यात कधी स्वतःहून म्हणेन असं मला वाटलं नव्हतं.

लीलाधरने कार्ड वाचलं. कार्डावरचा फोटो पाहिला, पडद्याकडे पाहिलं, माझ्या नाकाकडे पाहिलं. "जन्मतारीखसुद्धा आहे," तो पुटपुटला. मग त्याने आत हाक मारली, "दिपमाला, बाहेर ये. तुझा तोताराम आलाय."

आतल्या खोलीतून एक मुलगी आली. तिशीची असेल. साधी सुती साडी, हातात शब्द लिहिलेला कागद. हीच ती गाणारी, शिरपूरकडची. मी कोण हे कळल्यावर तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "नाना, मी ते गाणं तुमच्याच व्हिडिओवरून शिकले. अक्का झोक्यावर बसल्यात तो. शंभरदा ऐकला असेल."

"मग एवढं तरी कळायला हवं होतं, की गाताना आपल्या भावाचं नाव घालायचं असतं," मी म्हणालो. हे ज्ञान मला नुकतंच स्वयंपाकघरात मिळालं होतं, म्हणून जरा जोरात म्हणालो.

ती कागदाची घडी घालत राहिली. मग घरच्या बोलीत, खाली बघत म्हणाली, "मले भाऊ नही, नाना. कोनं नाव घालू? जे व्हतं तेच म्हनी टाकं."

पिठाच्या गिरणीचा आवाज खालून येत होता. माझं उरलेलं भाषण कुठे गेलं ते मला कळलं नाही. मी उगीच गुणपत्रिका पिशवीत घातली, बाहेर काढली, पुन्हा घातली. लीलाधर माठाकडे गेला आणि रिकामा पेला भरून पुन्हा घेऊन आला.

मग त्याने मुंबईच्या कंपनीला फोन लावला. मराठीसाठी दोन दाबा, तक्रारीसाठी पाच दाबा, वाट पाहा, आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. महत्त्व बरंच लांबलं. शेवटी एक बाई आली आणि म्हणाली, दावा मागे घेता येईल, पण मूळ गाणाऱ्या व्यक्तीने स्वतः सांगायला हवं की हे रेकॉर्डिंग तिचं आहे. मी दुसऱ्या फोनवरून अक्काला लावलं आणि दोन्ही फोन तोंडाला तोंड लावून टेबलावर ठेवले. मला धास्ती होती ती हीच, की अक्का पुन्हा 'बठ्ठासनं' म्हणणार आणि मुंबईची बाई 'सर्व हे वैध नाव नाही' म्हणणार.

"मॅडम, हे गाणं तुमचं आहे का?" बाईने विचारलं.

फोनमध्ये वारा वाहू लागला. आम्ही तिघंही टेबलावर वाकलो.

"गानं बठ्ठासनं शे," अक्का म्हणाली. मी कपाळाला हात लावला. "पन भाऊ मना शे."

मुंबईच्या बाईला हे कुठल्या रकान्यात टाकावं ते समजेना. लीलाधरने तिला समजावून सांगितलं की भाऊ समोर बसलाय, आधारकार्डासकट. ती बरं म्हणाली, पाहते म्हणाली, तपासणीला वेळ लागेल म्हणाली. तेवढ्यात दिपमाला फोनजवळ आली.

"अक्का, मी शिरपूरनी दिपमाला. मले भाऊ नही, म्हनीसन तुमनाच ठेवा व्हता मी. काढी टाकसू आते."

फोन कटला की काय असं वाटून मी उचलायला गेलो.

"कसाले काढस?" अक्काचा वारा आला. "ऱ्हाऊ दे. भाऊ वाटी दिधा तरी संपस नही."

दिपमालाने तोंड फिरवलं. मला एकाएकी त्या बंद खोलीत फार उकडू लागलं आणि मी चष्मा काढून पुसत बसलो. मुंबईची बाई अजून फोनवर होती. ती म्हणाली, "सर, आणखी काही मदत हवी आहे का?" तिला कुणी उत्तर दिलं नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी भाड्याची गाडी करून मुऱ्हाळी निघालो. आधी शिरपूर, मग अमळनेरवरून धरणगाव. हेमराजभाऊ म्हणाले, हा रस्ता उलटा पडतो. पडला तर पडू दे. गाणं अजून परत आलं नव्हतं, 'तपासणी सुरू आहे' एवढंच दिसत होतं. अक्का दारात उभी होती, ओठ घट्ट मिटून, न येण्याची सगळी तयारी करून. पण गाडीतून दिपमाला उतरली आणि तिच्या पाया पडली. अक्काने तिची हनुवटी धरून चेहरा उन्हाकडे वळवला, नीट पाहिला, आणि पिशवी घ्यायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी निंबाखाली सगळी कॉलनी जमली. मोठा स्पीकर आणला होता, पण लावायला काही नव्हतं. अक्का झोक्यावर बसली. शेजारी दिपमाला बसली. दिपमाला गाऊ लागली, बाजा नाही, ढोल नाही, नुसत्या गळ्याने. 'वाट देखी देखी डोया थकनात वं माय,' इथवर आली आणि थांबली. खऱ्या बहिणीसमोर पुढचं नाव घ्यायला तिचा धीर होईना. झोक्याची दोरी तेवढी करकरत होती.

आणि अक्काने नाव घेतलं. आवाज नव्हताच तो, नुसता वारा होता. पण मी झोक्याच्या मागे, दोरी धरून उभा होतो.

"तोताराम," ती म्हणाली.

पुढची ओळ दिपमालाने उचलली. मी झोका देत राहिलो, कारण माझा चेहरा कुणाला दिसू नये अशी तीच एक जागा होती. त्यानंतर कॉलनीतली एकेक लेक झोक्यावर बसली आणि आपापल्या भावाचं नाव घालून गायली. आमच्या हिने रुपचंदला आणलं. त्या दिवशी मला रुपचंदही चालला.

जाताना दिपमाला माझ्या पाया पडली आणि 'येते भाऊ' म्हणाली. धुळ्यात मी नाना होतो.

अक्काचा व्हिडिओ पुढच्या आठवड्यात परत आला. दावा मागे घेतल्याचा निरोप होता. चोर म्हटल्याबद्दल माफी वगैरे काही नव्हती. मी लगेच धरणगावला फोन केला आणि सांगितलं, अक्का, तुझं गाणं आलं, आता रोज सकाळी चहाबरोबर ऐक.

"ऐकं मी," अक्का म्हणाली. "चांगली म्हनस ती झोकावरली बाई. पन सकायले मी आते दिपमालानं गानं लावस."

"त्यात काय एवढं?"

फोनमध्ये वारा जरा हसल्यासारखा झाला.

"त्यामा तू दिखस ना," अक्का म्हणाली. "फेटा चांगला शोभस तुले."